गाण्यांचं अ‍ॅप निवडताना : पौडच्या अलीकडे आणि पलीकडे

हिंजवडीत नोकरी, भूगाव-पिरंगुटात फ्लॅट आणि मूळ गाव ताम्हिणीच्या अलीकडे कुठेतरी, अशी तीन ठिकाणी विभागलेली घरं मुळशी तालुक्यात आता जागोजाग आहेत. अशा घरात गाण्यांचं एकच अ‍ॅप घ्यायचं म्हटलं की वाद ठरलेला. मुलाला हिंदी-इंग्रजी हवं, वडिलांना नाट्यगीतं, आजीला सकाळी हरिपाठ. त्यात जाहिराती ‘लॉसलेस’, ‘डॉल्बी अ‍ॅटमॉस’ असले शब्द फेकतात आणि वाटायला लागतं, स्वस्तातली योजना घेतली तर आपण काहीतरी घालवतोय.

जाहिराती आवाजाच्या दर्जापासून सुरुवात करतात. मराठी ऐकणाऱ्यानं दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करावी, असं माझं मत आहे. आवाजाच्या बाबतीत आज पैसे भरून मिळणारं कुठलंही मोठं अ‍ॅप टाकाऊ नाही. पण हवं ते गाणं, हव्या त्या गायकाच्या आवाजात, हव्या त्या क्रमानं सापडणं हे अजूनही बरंचसं नशिबावर आहे. अ‍ॅपांमधला खरा फरक तिथे कळतो.

आधी तोंडी परीक्षा

मोफत महिना मिळत असेल तर तो, नाहीतर जाहिरातींसकट मिळणारी मोफत आवृत्ती घ्या आणि तीन-चार शोध देऊन बघा.

पहिला शोध ‘गीतरामायण’. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांची ही 56 गीतं 1955-56 मध्ये पुणे आकाशवाणीवरून दर आठवड्याला एक अशी वर्षभर प्रसारित झाली. तेव्हा ती अनेक गायक-गायिकांनी मिळून गायली होती. घरोघरी पोचली ती मात्र नंतरची, फडक्यांच्या म्हणजे बाबूजींच्या एकट्याच्या आवाजातली. तेव्हा अ‍ॅपवर नुसतं नाव दिसलं म्हणून खूश होऊ नका. सगळी 56 आहेत का, ती क्रमानं लागतात का आणि बाबूजींनी गायलेलं कुठलं, पुढच्या गायकांनी गायलेलं कुठलं हे यादीवरून कळतं का, ते बघा. मोफत आवृत्तीत पुष्कळदा गाणी अ‍ॅपच्या मर्जीनं उलटसुलट वाजतात. रामजन्माआधी सेतुबंधन ऐकायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी.

दुसरा शोध ‘कट्यार काळजात घुसली’. नाटक 1967 चं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं, खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. चित्रपट 2015 चा. त्यात शंकर-एहसान-लॉय यांची नवी गाणी आहेत आणि नाटकातली काही पदं नव्यानं गायलेली आहेत. ताजं आणि जास्त ऐकलं जाणारं वर, हा अ‍ॅपांचा नियम असल्यामुळे बहुतेक ठिकाणी आधी चित्रपट येतो. चित्रपटातली गाणी उत्तमच आहेत. पण ज्याला वसंतराव हवेत त्याला ते किती खाली खाली गेल्यावर भेटतात, यावरून त्या अ‍ॅपमध्ये जुन्या मराठी संगीताची व्यवस्था कशी लावली आहे याचा अंदाज येतो.

तिसरा शोध साधा ‘मुळशी’ असा द्या. प्रवीण तरडे यांच्या 2018 च्या ‘मुळशी पॅटर्न’मधली गाणी कुठेही लगेच येतील. तिथून आदर्श शिंदे, आदर्शवरून आनंद शिंदे आणि आनंदवरून प्रल्हाद शिंदे अशी तीन पिढ्यांची वाट अ‍ॅप आपणहून दाखवतं का, हे तपासण्यासारखं आहे. मुळशी-मावळातली ढोल-लेझीम पथकं, हरिपाठाची मंडळं, जत्रेतलं भारूड मात्र कंपन्यांच्या अल्बमांत फारसं सापडत नाही. ते यूट्यूबवर असतं, कुणीतरी मोबाइलवर टिपून टाकलेलं. यूट्यूब म्युझिकची खरी ताकद हीच आहे. कंपन्यांनी दिलेल्या अधिकृत गाण्यांखेरीज लोकांनी चढवलेली कीर्तनं, जुन्या बैठकी, रेडिओवरून उतरवलेली ध्वनिमुद्रणं यांतलंही बरंच काही त्यात वाजतं. आवाज कधी कधी डब्यातून आल्यासारखा असतो, पण जे दुसरीकडे नाहीच त्याच्या दर्जाची तक्रार कशाला करायची?

शोधताना एक काळजी घ्या. नाव देवनागरीत टाका, मग रोमनमध्ये टाका, आणि रोमनमध्येही दोन्ही तऱ्हांनी. फडके हे आडनाव कुणी ‘पीएच’नं सुरू करतं, कुणी ‘एफ’नं. गाणी चढवणाऱ्या कंपन्यांत त्याबद्दल एकमत नाही, त्यामुळे एकाच गायकाची दोन-तीन पानं तयार झालेली असतात आणि निम्मी गाणी एकीकडे, निम्मी दुसरीकडे पडून असतात. मिरज-किराण्याच्या गवयांच्या बाबतीत तर रागाचं नाव घालून शोधल्याशिवाय फारसं हाती लागत नाही.

अ‍ॅप सुचवतं ते का घसरतं

ही अ‍ॅप्स गाणी सुचवतात ती मुख्यतः एका तत्त्वावर: तुमच्यासारखं ऐकणारे लोक आणखी काय ऐकतात? हिंदी चित्रपटगीतांचा श्रोतृवर्ग अफाट, त्यामुळे तिथे हे गणित छान जमतं. श्रीनिवास खळे किंवा यशवंत देव ऐकणारे त्यामानानं मूठभर. मग खळ्यांच्या दोन-तीन गाण्यांनंतर अ‍ॅपचा साठा संपतो, ते आधी त्याच पंचवीस लोकप्रिय गाण्यांत घुटमळतं आणि शेवटी सरळ हिंदीत शिरतं.

याशिवाय आणखी एक अडचण आहे, आणि ती आपल्या ऐकण्याच्या सवयीतून येते. आपण ‘खळ्यांची गाणी’, ‘शांताबाईंची गाणी’, ‘भटांच्या गझला’ असं म्हणतो, म्हणजे गाणं संगीतकाराच्या किंवा कवीच्या नावानं ओळखतो. अ‍ॅप विचारतं, गायक कोण? संगीतकाराचं नाव निदान कुठेतरी दिलेलं असतं. कवीचं नाव पुष्कळदा नसतंच, किंवा चुकीचं असतं. आरती प्रभूंच्या सगळ्या गीतांची यादी एखाद्या अ‍ॅपनं आपणहून काढून द्यावी, ही अपेक्षा आज तरी ठेवू नका.

यावर उपाय अ‍ॅपच्या बाहेर आहे. अलका विभास यांचं ‘आठवणीतली गाणी’ हे संकेतस्थळ उघडा. तिथे गीतकार, संगीतकार, गायक, राग, गीतप्रकार अशा कुठल्याही बाजूनं शिरता येतं. तिथे एखाद्या कवीचं पान उघडून आवडेलशी दहा नावं टिपायची, अ‍ॅपमध्ये ती एकेक शोधून स्वतःची यादी करायची. दहा गाण्यांची अशी नेमकी यादी झाली की त्या यादीच्या आधारे अ‍ॅप जे पुढचं सुचवतं, ते आपोआप सुचवलेल्यापेक्षा कितीतरी बरं असतं. कर्वे रस्त्यावरच्या अलूरकर म्युझिक हाऊसमध्ये कॅसेटी घेतलेल्यांना ही पद्धत नवी वाटणार नाही. तिथेही आपण आधी काय ऐकतो ते सांगितल्यावरच पुढची कॅसेट हातात पडायची.

शास्त्रीय संगीतासाठी आकाशवाणीची ‘रागम’ ही वाहिनी विसरू नका. 2016 च्या प्रजासत्ताक दिनी ती सुरू झाली, चोवीस तास चालते आणि ‘न्यूज ऑन एअर’ या अ‍ॅपवर फुकट ऐकता येते. काय लागेल हे आपल्या हातात नसतं, आणि नवं काही कानावर पडण्यासाठी तेच तर हवं असतं.

अ‍ॅपांत तुलना करायची तर सुचवण्याच्या कामात मला स्पॉटिफाय सर्वांत तरबेज वाटतं. त्याची ‘डिस्कव्हर वीकली’ ही दर सोमवारी बदलणारी यादी 2015 पासून चालू आहे. मात्र तिला चारा चांगला घालावा लागतो. सेटिंगमध्ये मराठी भाषा निवडा, आवडलेल्या गाण्यावर खूण करा, नावडतं गाणं सुरू होताच पुढे ढकला. आणि सर्वांत महत्त्वाचं, घरातल्या प्रत्येकाचं खातं वेगळं ठेवा. सकाळी आजीचा हरिपाठ, दुपारी नातवाची बालगीतं आणि रात्री मुलाचं रॅप एकाच खात्यावर वाजलं, तर सोमवारी जी यादी येईल ती घरातल्या कुणाच्याच कामाची नसेल. एकाहून जास्त खाती देणारी योजना घेतली तर हे काम स्वस्तात भागतं. जिओसावनची मराठी बाजू चांगली भरलेली आहे आणि तिथे भाषा निवडणं सोपं आहे, पण त्याच्या याद्या चालू जमान्याकडे जास्त झुकतात. अ‍ॅपल म्युझिकमध्ये माणसांनी निवडून केलेल्या याद्या देखण्या असतात. मराठीत त्या थोड्या.

आवाज : चिपळ्या काय सांगतात

आता दर्जा. गाणं इंटरनेटवरून पाठवताना त्यातली काही माहिती गाळून फाइल लहान करतात. किती गाळली ते ‘बिटरेट’ सांगतो. सीडीवरचा न गाळलेला आवाज सेकंदाला 1,411 किलोबिट. स्पॉटिफायच्या नेहमीच्या सशुल्क योजनेत आणि जिओसावन प्रोमध्ये 320 पर्यंत, यूट्यूब म्युझिकमध्ये 256 पर्यंत, मोफत आवृत्त्यांत त्याहून कमी. लॉसलेस म्हणजे काहीही न गाळता फाइल नुसती घडी घालून लहान केलेली. अ‍ॅपल म्युझिकनं ते जून 2021 पासून जादा पैसे न घेता दिलं आहे, तेही 24 बिट, 192 किलोहर्ट्झपर्यंत. स्पॉटिफायनं सप्टेंबर 2025 मध्ये 24 बिट, 44.1 किलोहर्ट्झपर्यंतचं लॉसलेस जाहीर केलं आणि भारतात ते सर्वांत वरच्या, प्लॅटिनम योजनेत ठेवलं.

हे आकडे वाचून पैसे भरण्यापेक्षा घरी एक प्रयोग करा. मृदंग, टाळ आणि चिपळ्या स्पष्ट असलेलं एखादं भजन घ्या, किंवा लेझमीचं ध्वनिमुद्रण. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये दर्जा सर्वांत कमी करा आणि तारेच्या हेडफोनवर ऐका. मग सर्वांत जास्त करून तेच दहा-वीस सेकंद पुन्हा ऐका. आवाज गाळणाऱ्या तंत्राला सगळ्यात अवघड जातो तो क्षणात सुरू होऊन क्षणात संपणारा, धारदार आवाज. कमी दर्जावर चिपळीचा ठोका पडण्याआधीच त्याची एक पुसट, फिसकटलेली सावली ऐकू येते. टाळांचा आणि लेझमीच्या चकत्यांचा खणखणाट विरघळून पाण्यातून आल्यासारखी सळसळ उरते. अभियंते याच चाचणीसाठी स्पॅनिश करताल वापरतात. आपल्याकडे दिंडी आहे.

हा फरक 96 आणि 320 मध्ये बहुतेकांना पकडता येतो. 320 आणि लॉसलेस यांच्यात मात्र डोळे बांधून, म्हणजे कुठलं लागलंय हे माहीत नसताना, बहुतेकांना पकडता येत नाही. पकडायचाच असेल तर ‘सैराट’च्या गाण्यांमधले वाद्यवृंदाचे भाग घ्या. अजय-अतुल यांनी ते हॉलिवूडमधल्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर मोठ्या सिंफनी वाद्यवृंदाकडून वाजवून घेतले होते. व्हायोलिनांचा थर आणि त्यामागची खोली वेगवेगळी ऐकू येते का बघा. किंवा किशोरी आमोणकरांचा विलंबित ख्याल लावा आणि स्वर सुटल्यावर तानपुऱ्यात तो कसा मिसळतो तिकडे कान ठेवा.

तुलना करताना अ‍ॅपमधली ‘आवाज समान ठेवा’ ही सोय दोन्हीकडे बंद करा आणि मग हातानं आवाज सारखा लावा. जरासं मोठ्यानं वाजणारं आपल्याला नेहमी चांगलं वाटतं, आणि निम्मे ‘काय जबरदस्त फरक आहे!’ एवढ्याच कारणानं निघालेले असतात.

लॉसलेससाठी जादा पैसे भरायच्या आधी आपण ऐकतो कशावर ते बघा. ब्लूटूथ इअरबड असतील तर फोन ते गाणं हवेतून पाठवताना पुन्हा गाळतोच. सोनीच्या एलडॅकसारखी वरच्या दर्जाची पद्धत फोन आणि इअरबड दोघांकडे असेल तर गळती कमी होते; आयफोनला तीही चालत नाही. पिरंगुट घाटात गाडीच्या खिडक्या उघड्या, शेजारून डंपर चाललेला, आणि आपण 24 बिटांचे पैसे मोजतोय, याला हौस म्हणायचं. तेच पैसे तारेच्या बऱ्या हेडफोनवर आणि फोनला लावायच्या छोट्या डॅकवर (डिजिटल आवाज हेडफोनसाठी बदलून देणाऱ्या यंत्रावर) घाला; फरक लगेच कानाला कळेल.

जुन्या गाण्यांच्या बाबतीत तर बिटरेट हा मुद्दाच नाही. 1925 पर्यंतच्या तबकड्या कर्ण्यात गाऊन मुद्रित केलेल्या, मायक्रोफोनशिवाय. त्यात मुळातच जे उतरलं नाही ते लॉसलेसमध्ये कुठून येणार? बालगंधर्वांच्या तबकड्या ऐकताना फरक पडतो तो ती तबकडी कुणी, कशी उतरवून घेतली याचा. खरखर काढायच्या नादात काही ठिकाणी आवाजाची धारच घासून टाकलेली असते, तर काही ठिकाणी तबकडी चुकीच्या वेगानं फिरवल्यामुळे स्वर वर किंवा खाली सरकलेला असतो. म्हणून तेच पद दोन-तीन अ‍ॅपांवर शोधा आणि गळा ज्यात माणसाचा वाटतो ते घ्या, थोडी खरखर असली तरी.

रेंज गेल्यावर

चांदणी चौक ते पिरंगुट मोबाइलचं जाळं ठीक असतं. पौड सोडून धरणाच्या कडेनं ताम्हिणीकडे वळलं की ते येतं-जातं, आणि जुलैत वीज गेली की उरलंसुरलंही जातं. टाटांच्या मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याला वीज करून मुंबईचे दिवे लावतं आणि धरणाकाठच्या वाड्या पावसाळ्यात अंधारात बसतात, हे इथल्यांना काही नवं नाही. तेव्हा या भागात राहणाऱ्यानं किंवा शनिवार-रविवार गावी जाणाऱ्यानं गाणी उतरवून ठेवायची सोय आधी बघावी, बाकी सगळं नंतर. स्पॉटिफायच्या सर्वांत स्वस्त ‘लाइट’ योजनेत ती सोय नाही. म्हणजे जी योजना खिशाला परवडते तीच घाटात मुकी होते.

हिशेब सोपा आहे. 320 वर तासाला साधारण 144 एमबी लागतात, 96 वर 43. सीडीच्या दर्जाचं लॉसलेस तासाला तीन-चारशे एमबी खातं. दिवसाला दीड जीबीचा रिचार्ज असेल तर लॉसलेस मोबाइल डेटावर चालू ठेवणं वेडेपणाचं. घरच्या वायफायवर उंच दर्जात उतरवा. मोबाइल डेटासाठी मधला दर्जा ठरवून टाका आणि अ‍ॅपनं आपोआप दर्जा बदलायची सोय बंद करा, नाहीतर रेंज कमी झाली की ते गुपचूप खालच्या दर्जावर उतरतं आणि आपण हेडफोनला दोष देत बसतो. उतरवलेली गाणी टिकवायची तर स्पॉटिफायला 30 दिवसांतून एकदा तरी इंटरनेट दाखवावं लागतं. गावी बिनवायफायचा जुना फोन आजीसाठी ठेवणार असाल तर हे लक्षात ठेवा. किंवा सरळ सारेगामाचा कारवां घ्या. गाणी आतच भरलेली, बटण दाबलं की सुरू, पासवर्ड नाही.

आपलं काय आणि त्यांचं काय

अ‍ॅपवरची गाणी आपली नसतात. एअरटेलचं विंक 2024 मध्ये बंद झालं, त्याच वर्षी जानेवारीअखेर रेसो भारतातून गेलं. मार्च 2023 मध्ये झी म्युझिक आणि स्पॉटिफाय यांचं करारावरून फाटलं आणि झीची गाणी, त्यात ‘सैराट’ही, काही काळ स्पॉटिफायवरून गायब झाली. नंतर परत आली, पण तोवर कित्येकांच्या याद्यांत राखाडी रंगाच्या ओळी उरल्या होत्या. म्हणून मेहनतीनं केलेली यादी कुठेतरी लिहून ठेवा. साउंडिझ किंवा ट्यून माय म्युझिक यांच्या मदतीनं यादी एका अ‍ॅपवरून दुसऱ्यावर हलवता येते, पण मराठी नावांच्या रोमन लेखनात गोंधळ असल्यामुळे काही गाणी वाटेत गळतात किंवा भलत्याच गायकाची येतात. हलवल्यावर एकदा नजर टाकाच. आणि आजोबांच्या कॅसेटी, घरच्या बैठकींची ध्वनिमुद्रणं असतील तर ती यूट्यूब म्युझिकमध्ये स्वतःपुरती चढवून ठेवता येतात; मूळ प्रत मात्र हार्ड डिस्कवर ठेवा.

एवढं सगळं पाहून निवड करायची तर मी अशी करीन. भजन, कीर्तन, लोकसंगीत आणि दुर्मिळ बैठकी यांचं वेड असेल तर यूट्यूब म्युझिक. यूट्यूब प्रीमियमबरोबर ते येतंच आणि व्हिडिओंमधल्या जाहिरातीही जातात. नवं ऐकायची हौस आणि घरात चार तऱ्हेचे श्रोते असतील तर स्पॉटिफाय, पण योजना वाचून, गाणी उतरवता येणारी. घरी चांगले स्पीकर किंवा तारेचे हेडफोन आहेत, पाश्चात्त्य वाद्यसंगीत किंवा अलीकडचं नीट ध्वनिमुद्रित झालेलं शास्त्रीय ऐकता, तर अ‍ॅपल म्युझिक; ते अँड्रॉइडवरही चालतं. जिओचं सिम आहे, कॉलर ट्यूनही हवी, फार खोलात जायचं नाही, तर जिओसावन पुरे. दोन अ‍ॅपांचे पैसे एकदम भरायची कुणाला गरज आहे असं मला वाटत नाही. एक सशुल्क आणि जोडीला दुसऱ्याची मोफत आवृत्ती, एवढ्यावर काम भागतं.

मोफत महिना घेताना यूपीआयवर ऑटोपेची परवानगी द्यावी लागते. ज्या दिवशी ती द्याल त्याच दिवशी मोबाइलमध्ये मुदत संपायच्या दोन दिवस आधीची आठवण लावा, आणि अ‍ॅप नको असेल तर त्यात योजना रद्द करून शिवाय यूपीआयच्या ऑटोपे यादीतूनही ती परवानगी काढून टाका.